उलटी चाललेली लाट

त्या वेधशाळेत शिकलेली माणसं वरच्या मजल्यावर बसत आणि ढग खालच्या मजल्यावर राहत. म्हणजे खरे नव्हेत, कागदावरचे. जिन्यापासून मागच्या खिडकीपर्यंत जाणाऱ्या लांब बोळात एक टेबल होतं. टेबलावर डिंकाची बाटली, फूटपट्टी, लहानमोठ्या कात्र्या, आणि त्या सगळ्यामागे कात्रीबाई. हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. तिच्या पगाराच्या कागदावर वेगळं नाव असे, पण त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून.

काम ऐकायला सोपं. रोज सकाळी उपग्रहाने टिपलेलं पृथ्वीच्या कमरेचं चित्र छापून येई. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांचा पट्टा, डावीकडे पश्चिम, उजवीकडे पूर्व, आणि त्यावर पांढरे ढग. त्या चित्रातून कात्रीबाईने बोटभर रुंदीची आडवी पट्टी कापायची आणि भिंतीवरच्या खाकी कागदावर कालच्या पट्टीखाली चिकटवायची. उद्याची आजच्याखाली, परवाची उद्याच्याखाली. तारीख पट्टीच्या पाठीवर पेन्सिलने, कारण दर्शनी बाजूला ढगांशिवाय काहीही दिसता कामा नये असा वेधशाळेच्या प्रमुखांचा, मोठ्या मॅडमचा दंडक होता. खाकी कागदावर वरपासून खालपर्यंत एक लाल दोरा सोडलेला असे, टोकाला खिळा बांधून. तो दोरा म्हणजे आपलं गाव. ढग दोऱ्याच्या डावीकडे असले तर अजून लांब, पश्चिमेला. दोऱ्यावर आले की आपल्या डोक्यावर.

कात्रीबाईचे वडील कापडाच्या दुकानात कपडे बेतायचे. त्यांचा हात तिच्यात उतरला होता. नोकरीच्या मुलाखतीत मोठ्या मॅडमनी तिला एकही प्रश्न विचारला नाही, एक चित्र आणि एक कात्री पुढे ठेवली. हिने एका दमात, हात न थांबवता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापून दिलं. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून या." घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाई शिकलेली आहे, पण डोक्याने जरा गेलेली दिसते. ढग कापून भिंतीला लावते." नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावलेल्या अवस्थेतच तो म्हणाला, "पगार देते ना? मग लावू दे."

सुरुवातीची बरीच वर्षं कात्रीबाईने त्या भिंतीकडे नाकाच्या अंतरावरूनच पाहिलं. चिकटवणाऱ्याला तेवढंच दिसतं. माहेरी-सासरी चेष्टा व्हायची ती वेगळीच. "काय कापलं आज? कापूस की वादळ?" नणंदा तर तिला फाटलेले पतंग आणून द्यायच्या, "हे पण चिकटव गं" म्हणून. ती हसण्यावारी न्यायची, पण रात्री उशीवर डोकं टेकल्यावर तिला वाटायचं, आपण करतो काय नेमकं?

आणि एके दिवशी दुपारी बोळात उकाडा फार झाला म्हणून ती मागची खिडकी उघडायला गेली. खिडकी घट्ट बसली होती. दोन धक्के देऊन ती उघडली, दम खायला वळली, आणि बोळाच्या त्या टोकावरून पहिल्यांदाच तिला सगळी भिंत एकदम दिसली.

भिंतीवर एक जाडजूड पांढरा पट्टा तिरका उतरत होता. डावीकडून वरून, उजवीकडे खाली. एकेका पट्टीत तो नुसता ढगांचा पुंजका होता, पण एकाखाली एक लावल्यावर दिसत होतं की पुंजका रोज थोडा पूर्वेकडे सरकतोय. लाल दोरा ओलांडून तो पलीकडे गेला होता. आणि डाव्या बाजूला, पुष्कळ खाली, तसाच दुसरा पट्टा सुरू होत होता.

"मॅडम!" ती ओरडली. वेधशाळेत कुणी ओरडत नसे. वरच्या मजल्यावरून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मोठ्या मॅडम पायात एकच चप्पल घालून जिना उतरत आल्या. "मॅडम, हे चालतंय! हे बघा, हे चालत चालत इकडे येतंय!"

मॅडमनी भिंतीकडे पाहिलंच नाही. त्या कात्रीबाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या खुशीत हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "दिसलं तुम्हाला! अहो, वरच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना अजून मनापासून दिसलेलं नाही!"

मग त्यांनी चहाच्या टेबलावरची चादर ओढली. कपबशा खळाखळा खाली गेल्या, तिकडे दुर्लक्ष. एक टोक कात्रीबाईच्या हातात देऊन दुसऱ्या टोकाने त्यांनी चादरीला एक झटका दिला. उंचवटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत गेला.

"चादर कुठे गेली का? आपल्या हातातच आहे. पण उंचवटा पलीकडे पोचला. हवेत असंच होतं, बाई. हजारो मैल लांबीची लाट पृथ्वीच्या कमरेभोवती सावकाश पूर्वेला चालत असते. तिच्या एका अंगात हवा वर चढते, तिथे ढगांचं पीक. दुसऱ्या अंगात हवा खाली बसते, तिथे लख्ख ऊन. ढग जन्मतात, बरसतात, संपतात. लाट मात्र चालतच राहते. दीड-दोन महिन्यांत साऱ्या पृथ्वीला वळसा!"

"आणि ह्या बारक्या रेघा? ह्या जास्त आडव्या आहेत."

"त्या तिच्या पोटातल्या चपळ लाटा. जातात पूर्वेलाच, पण पळत."

"ह्या तर उलट्याच उतरल्यात."

"त्या पश्चिमेला जाणाऱ्या. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना भोवऱ्यांची जोडी फिरवत जातात. त्या आकाराने लहान. मोठी लाट मात्र मागे फिरत नाही. निदान मी तरी अजून पाहिलेली नाही."

त्या दिवसापासून कात्रीबाई बिघडली म्हणा की सुधारली म्हणा. ती सकाळी लवकर येऊ लागली. पट्टी चिकटवली की आधी बोळाच्या टोकाला पळायची आणि तिथून लाट कुठवर आली ते बघायची. घरी भाजी चिरताना बोलायची, बसच्या रांगेत अनोळखी बायकांना सांगायची. त्या गावात बारा महिने पाऊस, पण रोजचा नव्हे. आला की मुक्काम ठोकायचा आणि गेला की दिवसचे दिवस तोंड दाखवायचा नाही. लोकांना वाटे लहर आहे पावसाची. कात्रीबाईला आता ठाऊक होतं की ही लहर नुसती बोलण्यातली नाही, ती खरोखर कुठून तरी निघते आणि कुठे तरी जाते. नणंदांनी चेष्टा चालूच ठेवली. नवऱ्याने "हं हं" म्हणणं चालू ठेवलं.

तिचं बोलणं मनावर घेतलं एकट्या धाकट्या भावाने.

भाऊ छपरं घालायचा. पत्रे उतरवायचे, कुजलेले वासे बदलायचे, नवे पत्रे ठोकायचे. त्याच्या धंद्यात पावसाचा अंदाज म्हणजे जीव की प्राण. सगळे छप्परवाले भीतभीत काम करत, हातभर उघडायचं, हातभर झाकायचं. ह्याने मात्र एकदा सहज ताईला विचारलं, तिने भिंत बघून सांगितलं, "लाट नुकतीच दोरा ओलांडून गेलीय, आता कोरडं अंग येतंय, काढ पत्रे." त्याने काढले, आणि काम होईपर्यंत थेंब पडला नाही. तेव्हापासून प्रत्येक कामाआधी तो बोळात हजर. "ताई, काय म्हणते तुझी लाट?" एवढंच विचारायचा. कधी अंदाज चुकायचाही. मॅडम तिला बजावून सांगत, "लाट नुसता कल सांगते, वेळापत्रक देत नाही." पण भाऊ चुकलेले अंदाज विसरायचा आणि जुळलेले गावभर सांगायचा. कात्रीबाईला साऱ्या नोकरीत मिळालेला मान म्हणजे तो एक प्रश्न होता. तो विचारून गेला की ती दिवसभर गुणगुणत असे.

पुढे तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया ठरवली आणि तीन आठवडे कात्री बंद, वाकणं बंद, डोळ्याला पाण्याचा थेंबसुद्धा लागता कामा नये असं फर्मान काढलं. पट्ट्यांचं काय? मॅडम परदेशातल्या बैठकीला निघाल्या होत्या. भाऊ म्हणाला, "मी मोकळाच आहे, मी लावतो." त्याचा हातही बेतणाऱ्या बापाचाच होता. मॅडमनी मान डोलावली. कात्रीबाईने नवा खाकी कागद भिंतीला लावून दिला आणि भावाला काम समजावलं, "रोजची पट्टी कालच्या पट्टीला लागून, किंचित चढवून चिकटव. पाठीवर तारीख. दर्शनी बाजूला बोट लावायचं नाही." एवढं सांगून ती निश्चिंत झाली. आणखी काय सांगायचं असतं?

डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. नवऱ्याने घड्याळाच्या ठोक्याला थेंब घातले. अगदी ठोक्याला, कारण त्याच्याकडे ठोके देणारी घड्याळं पुष्कळ होती. बाहेर असं ऊन पडलं होतं की नव्या डोळ्याला सोसेना. काळा चष्मा लावूनही पाणी यायचं. शेवटी त्याने खिडकीवर काळी चादर ठोकली, आणि ती त्या अंधारात पडून लाटेची काळजी करत राहिली.

सुट्टी संपायला दोन-तीन दिवस राहिले असताना तिला राहवलं नाही. काम करायचं नाही, नुसतं बघायचं, असं स्वतःला बजावून ती वेधशाळेत गेली, बोळाच्या टोकाला उभी राहिली, काळा चष्मा काढला.

देवा रे! काय दिसत होतं! इतकी वर्षं भिंत पिवळट होती, ती मुळी पिवळट नव्हतीच. ढग दुधासारखे पांढरे, दोरा लालभडक, पट्ट्यांच्या कडा सुतासारख्या सरळ. भावाने काम झकास केलं होतं. आणि त्या स्वच्छ भिंतीवर एक जाड, पांढरा, थोराड पट्टा उतरत होता. वर तो लाल दोऱ्याच्या जवळ होता आणि खाली येता येता डावीकडे, पार पश्चिमेला जाऊन पोचला होता.

मोठी लाट उलटी चालली होती.

कात्रीबाईने डोळे मिटले, उघडले. लाट उलटीच. गावाजवळ येऊन ती मागे फिरली होती! कुणी कधी न पाहिलेली गोष्ट, आणि ती दिसली कुणाला? खालच्या मजल्यावर, डिंकाने बोटं चिकटलेल्या बाईला! तिने तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. मग लगेच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मोठी लाट पश्चिमेला गेली!"

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "बाई, डोळ्यात थेंब घातलेत ना?"

"नव्या डोळ्याने बघतेय मॅडम! लखलखीत दिसतंय!"

"मोठी? उलटी?" आता मॅडमचाही आवाज चढला. "अहो, असं असेल तर मला सगळं पहिल्यापासून शिकायला बसावं लागेल! ऐका, मी येईपर्यंत भिंतीला हात लावू नका. आणि कुणाला काही बोलू नका. अगदी कुणाला नाही!"

"छे, मी कशाला बोलतेय," कात्रीबाई म्हणाली आणि फोन ठेवून जिना चढून वरच्या मजल्यावर सांगायला गेली. तिथला चष्मेवाला, कॉम्प्युटरवर अंदाज काढणारा, सज्जन माणूस होता. म्हणाला, "असेल बुवा. पण आमचं मशीन तर ह्या आठवड्यात पाऊस दाखवतंय."

"तुमचं मशीन कधी पाऊस दाखवत नाही?" ती म्हणाली. त्याने हसून खांदे उडवले.

खाली भाऊ येऊन थांबला होता. त्याला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. गादी कारखान्याचं छप्पर. आत पिंजलेला कापूस छातीइतका रचलेला, तो हलवायला दुसरी जागा नाही. अर्धं अर्धं काम केलं तर वेळ फार जाणार. दोन्ही बाजूंचे पत्रे एकदम उतरवले तर आठवड्यात नवं छप्पर उभं. पण कापसावर पाऊस पडला तर गाद्यांचा चिखल, आणि त्याला गावात पुन्हा कुणी शिडी लावू देणार नाही.

"ताई, काय म्हणते तुझी लाट?"

"लाट पळाली!" ती म्हणाली. आनंदाने तिचा आवाज फाटला होता. "पार पश्चिमेला! पंधरा दिवस तरी ढग नाही!"

"म्हणजे छपराच्या दोन्ही पाख्या उघडू?"

"बिनधास्त उघड!"

सोमवारी ती कामावर रुजू झाली. भाऊ छपराच्या कामावर गेल्यामुळे मधल्या दिवसांची चित्रं ट्रेमध्ये पडून होती. तिने पहिलं उचललं, कापलं, पाठीवर तारीख टाकली, आणि सगळ्यात खालच्या पट्टीखाली टेकवलं.

जुळेना. खालच्या पट्टीत ढग पार डावीकडे आणि हातातल्या पट्टीत ढग लाल दोऱ्याच्या अगदी जवळ. एका दिवसात ढगांचा डोंगर निम्मं जग ओलांडून येतो थोडाच! तिने दुसरं चित्र घेतलं. तेही तसंच. तिसऱ्यात तर ढगांची कड दोऱ्याला टेकली होती. छापणाऱ्याने घोळ घातला असं पुटपुटत ती बोळाच्या टोकाला गेली आणि भिंतीची सगळ्यात वरची पट्टी बघू लागली. तिच्या मते ती तीन आठवड्यांपूर्वीची. त्या पट्टीत ढग गावाच्या उंबरठ्यावर होते.

तीन आठवड्यांपूर्वी गावाच्या उंबरठ्यावर ढग?

तेव्हा तर ती खाटेवर पडून होती. आणि ऊन असं होतं की खिडकीला काळी चादर ठोकावी लागली होती. मग रोज ऊन वाढतच गेलं होतं. लाट तेव्हा जवळ असती, तर तिचा डोळा असा का झोंबला असता?

ती स्टुलावर चढली. वरच्या पट्टीचा कोपरा नखाने उचकटला आणि पाठीवरची तारीख वाचली. गेल्या आठवड्यातली. खाली उतरून, गुडघ्यावर बसून तिने सगळ्यात खालच्या पट्टीचा कोपरा उचलला. शस्त्रक्रियेच्या दिवसाची.

भावाने पट्ट्या खालून वर लावल्या होत्या. लाट उलटी-बिलटी काही चालली नव्हती. नेहमीसारखी, शहाण्यासारखी, पश्चिमेकडून पूर्वेला निघाली होती आणि आज ती दारात येऊन उभी होती.

जगातला सगळ्यात मोठा शोध एका क्षणात गेला त्याचं तिला काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर फक्त कापूस होता. तिने भावाला फोन लावला. वाजत राहिला. छपरावर चढताना तो शर्ट खिळ्याला अडकवतो आणि फोन शर्टात ठेवतो, हे तिला पाठ होतं. ती धावत जिना चढली. "अहो, तुमचं मशीन बरोबर होतं! तुमच्याकडे स्कूटर आहे ना?"

चष्मेवाल्याने लगेच किल्ली उचलली. वाटेत फक्त एकदा म्हणाला, "घट्ट धरा." ती मागे बसून भावाला काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होती. गाढवा, अकलेच्या कांद्या, पट्टी वर कुणी लावतं का? वारा तोंडावर येत होता आणि त्याला पावसाचा वास होता.

कारखान्याच्या दारातून आत शिरताच तिची सगळी उजळणी विरली. छप्पर नव्हतंच. वाशांचा नुसता सांगाडा, आणि खाली पांढऱ्या कापसाचे ढीगच्या ढीग. आढ्यावर बसून भाऊ शीळ घालत होता.

"ताई! डोळा सांभाळ, कापूस उडतोय इथं!"

"पाऊस येतोय," ती खालून ओरडली. "आज येतोय! माझं चुकलं रे!"

शीळ थांबली. तो भराभर खाली उतरला. "तू पंधरा दिवस म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. तू पट्ट्या वर वर लावत गेलास!"

"मग कुठे लावणार?" त्याने अगदी भाबडेपणाने विचारलं.

भांडायला वेळ नव्हताच. नवे पत्रे दोन दिवसांनी यायचे होते, जुने भंगारात गेलेले. कारखान्याचा मालक डोकं धरून खाली बसला. गाद्या शिवणाऱ्या बायांची मुकादम मात्र उठली. "रेग्झिन आहे ना! दवाखान्याच्या गाद्यांचं. तागेच्या तागे पडलेत मागे."

"तो दवाखान्याचा माल आहे!" मालक किंचाळला.

"मग काय त्यांना ओल्या कापसाच्या गाद्या देणार?" मुकादमबाईने पहिला तागा उलगडलासुद्धा.

कात्रीबाईने काळा चष्मा चढवला, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि मोठी कात्री मागितली. मग तिने जे कापलं ते बघायला भावाच्या माणसांचे हातसुद्धा थांबले. पाखीच्या लांबीचे पट्टे, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाया धरायच्या, ही कापायची, चष्मेवाला गुंडाळून वर द्यायचा. भावाची माणसं दुसऱ्या पाखीवर गुंतली होती. ह्या पाखीवर भाऊ एकटाच ठोकत होता, दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. कात्रीबाईने शिडी धरली.

"ताई, तू नाही! डोळा!"

"डोळा गेला खड्ड्यात," ती म्हणाली आणि चढली. नवऱ्याने हे ऐकलं असतं तर गावातली सगळी घड्याळं बंद पडली असती.

वर पोचून तिने पश्चिमेकडे पाहिलं आणि पट्टा हातातच राहिला.

ती येत होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळं क्षितिज भरून, खाली काळीनिळी, वर उन्हात पेटल्यासारखी पांढरी. तिच्यापुढे ढगांची एक फळी पळत होती, त्या पोटातल्या चपळ लाटांपैकी असणार. इतकी वर्षं तिने हिला बोटभर रुंदीत कापलं होतं, उलटून तारखा घातल्या होत्या, डिंक लावला होता. आणि एकदाही बोळाबाहेर येऊन हिचं तोंड पाहिलं नव्हतं. "बघ!" ती भावाचा दंड धरून ओरडली. "अरे, बघ ना! हीच ती! भिंतीवरची! केवढी आहे रे!"

"बघितली," भाऊ दातात खिळे धरून म्हणाला. "आता पट्टा लाव."

तिने पट्टा उचलला आणि सवयीने आढ्यालगत, सगळ्यात वर टेकवला.

"वर नाही, ताई! खालून!" भाऊ ओरडला. "वळचणीपासून सुरू कर! खालचा आधी, मग त्याच्यावर चढवून वरचा. नाहीतर पाणी सांध्यातून सरळ आत!"

तिचा हात थांबला. तिने भावाकडे पाहिलं. भावाने तिच्याकडे पाहिलं. अर्थातच. जन्मभर ज्याने छपरं घातली, तो कुठलीही पट्टी खालून वरच लावणार, आणि किंचित चढवून लाव असं तर तिनेच बजावलं होतं. तिने भिंत सांगितली होती आणि त्याने छप्पर घातलं होतं.

"मेल्या!" ती म्हणाली, आणि तिला असं हसू फुटलं की चष्मा घसरला. भावालाही आता उमगलं. तोही हसू लागला, खिळे तोंडातून सांडले, आणि हसत हसतच दोघांनी वळचणीपासून सुरुवात केली. एक पट्टा, त्यावर चढवून दुसरा, त्यावर तिसरा. आढ्यावरचा शेवटचा ठोकेस्तोवर पहिले टपोरे थेंब रेग्झिनवर वाजू लागले. भावाने तिला अक्षरशः उचलून शिडीवरून खाली आणलं.

आत सगळे वर तोंड करून उभे होते. पाऊस कोसळत होता, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मुकादमबाई ढिगाढिगांतून कापसात हात खुपसत फिरली आणि परत आली. "कोरडा!" ती ओरडली. मालक कापसाच्या ढिगावर आडवा झाला आणि तसाच पडून राहिला. कात्रीबाईला आनंद झाला, पण तिने भावाकडे बघायचं टाळलं. दोघं हसले होते ते खरं. पण आता तो पुन्हा कधी विचारेल असं तिला वाटत नव्हतं, आणि विचारावं तरी का?

पाऊस आठवडाभर राहिला. नवे पत्रे सरींच्या मधल्या उघडिपीत चढले. मॅडम परत आल्या त्या सामानासकट थेट बोळात. सगळी हकीकत ऐकून त्यांना आधी अतोनात वाईट वाटलं, मग त्या पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, "काढा सगळं आणि सरळ लावा."

भाऊ मदतीला आला. दोघं बहीणभाऊ दिवसभर पट्ट्या सोडवत होती, पाठीवरच्या तारखा बघत होती, वरून खाली पुन्हा चिकटवत होती. शेवटची पट्टी भावाने लावली, सगळ्यात खाली, बोट न उमटवता. मग दोघं बोळाच्या टोकाला गेली. लाट वरून डावीकडून निघून, उतरत उतरत, दोरा ओलांडून पूर्वेला निघाली होती.

भावाने कान खाजवला.

"पुढच्या आठवड्यात शाळेचं छप्पर आहे, ताई. काय म्हणते तुझी लाट?"

कात्रीबाई भिंतीपाशी गेली, खाली बसली, सगळ्यात खालच्या पट्टीचा कोपरा नखाने उचलून तारीख वाचली आणि परत दाबून बसवला.

"आधी वर जाऊन चष्मेवाल्याला विचारून ये," ती म्हणाली. "मग सांगते."